इंजिन बांधल्यावर गिअरबॉक्सच्या ब्रीदरमधून तेल येतंय? भोक बुजवण्याआधी हे तपासा

इंजिन पूर्ण खोलून बांधलं. क्रँकला नवीन रॉड किट, रिबोर, पिस्टन, बेअरिंगं, सगळे सील, सगळं पॅकिंग. गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली, आवाजही स्वच्छ. पण सकाळी पाहावं तर सारवलेल्या अंगणात गाडीखाली तेलाचा डाग. पुसला, तर संध्याकाळी पुन्हा. आठ दिवसांत सिलिंडरमागची जागा ओली, तिच्यावर धुळीचा काळा थर, आणि तिथून निघालेला ओघळ पार चेनपर्यंत. मिस्त्रीला दाखवलं की तो म्हणतो, "ब्रीदरमधून येऊन राह्यलं, तेवढं चालतेच."

तेवढं चालत नाही. नीट बांधलेल्या इंजिनाच्या ब्रीदरमधून तेल टपकत नाही. फार तर तोंडाशी ओलसरपणा आणि त्याला चिकटलेली धूळ दिसेल. थेंब पडत असतील तर आत काहीतरी चुकलंय, आणि ते घरच्या सामानानं शोधता येतं.

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडच्या एका गावात राहतो. शेती करतो आणि शेतातून परतल्यावर टू-स्ट्रोक गाड्यांची कामं करतो. आमच्याकडे आरएक्स १०० जास्त, येझदी थोड्या, राजदूत एखाददुसरी. आरएक्स १०० आपल्या देशात १९८५ ते १९९६ या काळात बनली. म्हणजे त्यातली सगळ्यात धाकटी गाडीही आता तीस वर्षांच्या घरात आहे, आणि एवढ्या काळात तिचं इंजिन दोन-तीनदा तरी उघडलं गेलेलं असतं. ब्रीदरची तक्रार बहुतेक वेळा अशा उघडून बांधलेल्या इंजिनाचीच येते. शेवटची थोडी चार-स्ट्रोकची गोष्ट सोडली तर खालचं सगळं या टू-स्ट्रोक गाड्यांबद्दल आहे.

ब्रीदर असतो कशाला?

टू-स्ट्रोक इंजिनाच्या एकाच केसमध्ये दोन वेगळ्या खोल्या असतात. एक क्रँकची खोली, जिला आम्ही चेंबर म्हणतो. तिच्यात पेट्रोल, हवा आणि टू-टी ऑइल, म्हणजे पेट्रोलसोबत जळणारं तेल येतं. दुसरी गिअर आणि क्लचची खोली, जिच्यात गिअरबॉक्सचं तेल असतं. या दोन खोल्यांत हवेची ये-जा अजिबात होता कामा नये. दोन्हींच्या मध्ये केसची भिंत असते, आणि क्रँकचा दांडा जिथून क्लचकडे बाहेर पडतो तिथं क्लच साइडचा ऑइल सील असतो.

गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगते. सकाळी ३० अंशांवर असलेला गिअरबॉक्स चालून चालून ९० अंशांवर गेला तर आतल्या हवेचं आकारमान पाचव्या हिश्शानं वाढतं. आत समजा एक लिटर हवा असेल तर २०० मिलि हवा बाहेर पडायलाच हवी. ती वाट म्हणजे ब्रीदर. गाडी थंड झाली की तेवढीच हवा तो परत आत घेतो. बस, एवढंच त्याचं काम.

त्यामुळे ब्रीदरमधून तेल येतं तेव्हा मी स्वतःला एकच गोष्ट विचारतो: आत तेल जास्त झालंय की हवा? तेल जास्त झालं असेल तर गिअर ते उडवून भोकापर्यंत पोचवतात. हवा जास्त झाली असेल, म्हणजे चेंबरचा दाब गिअरबॉक्समध्ये शिरत असेल, तर ती हवा बाहेर पडताना तेलाचा फवारा सोबत घेऊन निघते. पुढची सगळी तपासणी या दोहोंतलं कोणतं, हे ठरवण्यासाठी आहे.

आधी खात्री करा की तेल ब्रीदरमधूनच येतंय

सिलिंडरच्या मागे साचलेलं तेल ब्रीदरचंच असेल असं नाही. सिलिंडरच्या बुडाचं पॅकिंग, कार्बोरेटरचा ओव्हरफ्लो, टू-टीची नळी हे सगळं त्याच भागात ओघळतं. खाली चेनकडे क्लच पुश रॉडचा सील, गिअर लिव्हरच्या दांड्याचा सील आणि स्पॉकेटमागचा सील असतो. यातला कोणताही गळला तरी लोक ब्रीदरलाच दोष देतात.

इंजिन रॉकेल आणि ब्रशनं घासून धुवा, कापडानं पुसा, उन्हात तासभर कोरडं होऊ द्या. मग सगळ्या जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरवा. दोन-तीन किलोमीटर फिरून या आणि गाडी डबल स्टँडवर लावून बॅटरीच्या उजेडात पाहा. पावडरीवर तेलाची वाट काळ्या रेघेसारखी उमटते. ती रेघ वरच्या टोकापर्यंत नेऊन पोचवा. तेल नेहमी खाली आणि वाऱ्यानं मागे जातं, म्हणून उगम सगळ्यात वरच्या आणि पुढच्या ओल्या जागी शोधायचा. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण मी स्वतः एकदा ती टाळली आणि कार्बोरेटरच्या गळतीसाठी क्लच कव्हर उघडून बसलो होतो.

तेल मोजा

आता ड्रेन बोल्ट काढून गिअरबॉक्सचं सगळं तेल मापाच्या भांड्यात काढा. गाडी गरम असताना, सरळ उभी धरून, दहा मिनिटं निथळू द्या. मुलांच्या औषधाच्या मापानं किंवा दुधाच्या मापट्यानंही चालेल, पण मोजाच.

आरएक्स १०० मध्ये इंजिन पूर्ण खोलून बांधल्यावर सुमारे ६५० मिलि तेल लागतं. नुसतं तेल बदलताना थोडं जुनं आत राहतं म्हणून ६०० च्या आसपास पुरतं. दुकानात मिळतो तो एक लिटरचा डबा. इंजिन नवीन बांधलंय, कमी पडायला नको, म्हणून मिस्त्री अख्खा डबा ओततो. साडेतीनशे मिलि जास्त! गिअरचे दात मग तेलात खोल बुडून फिरतात, तेलाला फेस येतो आणि तो फेस ब्रीदरमधून चढतो. माझ्याकडे आलेल्या कितीतरी गाड्या नुसतं जास्तीचं तेल काढल्यावर कोरड्या झाल्या. याला दमडीचा खर्च नाही, म्हणून हे सगळ्यांत आधी करा.

मोजून टाकलेलं तेल पंधरा दिवसांनी मोजल्यावर वाढलेलं निघालं तर प्रकरण वेगळं आहे. तेल आपोआप वाढत नाही, दुसरं काहीतरी त्यात मिसळतंय. काढलेलं तेल बोटावर घ्या, पाहा, वास घ्या. विडी-सिगारेट दूर ठेवून.

पेट्रोलचा वास येत असेल तर रात्री कॉक चालू राहतो का आणि कार्बोरेटरची नीडल बसते का ते पाहा. नीडल गळली आणि ओव्हरफ्लोची नळी तुंबलेली असली तर पेट्रोल इंजिनात उतरतं, चेंबरमध्ये साचतं आणि क्लच साइडच्या सीलजवळून हळूहळू गिअरबॉक्समध्ये झिरपतं. अशा तेलावर गाडी चालवू नका. पातळ झालेलं तेल गिअर आणि बेअरिंग खातं.

तेलात निळसर किंवा हिरवट झाक असेल, टू-टीचा वास असेल, तर ऑटोल्यूब पंपाच्या, म्हणजे टू-टी इंजिनाला पुरवणाऱ्या पंपाच्या, दांड्याचा सील पाहा. आरएक्सचा हा पंप क्लच कव्हरवरच बसतो आणि टू-टीची टाकी त्याच्यापेक्षा उंच असते. सील कडक झाला की उभ्या गाडीतही टू-टी आत उतरत राहतं. टाकीवर पातळीशी चिकटपट्टीची खूण करा, गाडी न वापरता दोन दिवस ठेवा. पातळी उतरली आणि बाहेर कुठं ओलं नाही, तर चोर सापडला. इंजिन बांधताना हा लहानसा सील बदलायचा राहून जातो, कारण तो कव्हरमध्ये असतो आणि कव्हर तर नुसतं धुऊन ठेवलेलं असतं.

तेल ताकासारखं पांढुरकं झालं असेल तर पाणी शिरलंय. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हे फार होतं. नाल्याला पूर असताना गाडी पाण्यातून काढली, किंवा पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांसोबत गाडीही नाल्यावर नेऊन धुतली. गरम गिअरबॉक्सवर एकदम थंड पाणी पडलं की आतली हवा आकसते, आणि ब्रीदरचं तोंड पाण्याखाली असलं तर तो पाणीच ओढून घेतो. पाणी मिसळलेल्या तेलाला फेस लवकर येतो, आणि मग तेच तोंड फेस बाहेर टाकतं. असं तेल दोनदा बदलावं लागतं. पहिल्या बदलात आतलं सगळं पाणी निघत नाही.

आणखी एक. क्लच याच तेलात बुडालेला असतो, त्यामुळे ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचं उरलेलं जाड तेल यात टाकू नका. गळती त्यानं थांबत नाही आणि क्लच मात्र बिघडतो.

भोकाची वाट मोकळी आहे का?

तेल बरोबर आहे, तरी येतंय. आता ब्रीदरची नळी काढा आणि तोंडानं फुंकून पाहा. नळी आणि ती जिच्यावर चढते ती तोटी, दोन्ही. माझ्याकडे एक इंजिन आलं होतं, ते लेथवाल्याकडून क्रँक येईपर्यंत दोन महिने गोठ्यात पडून होतं. त्या काळात कुंभारमाशीनं ब्रीदरच्या तोटीत घर केलं. वरून पाहिलं तर नुसती माती दिसायची, आणि ती काळ्या मातीची धूळ समजून कुणी हात लावला नाही. बारीक तारेनं उकरल्यावर आत मातीची भिंत आणि तिच्यामागे वाळलेल्या अळ्या निघाल्या. केस रंगवून घेतली असेल तर रंगानं, आणि बॉण्ड (केसच्या जोडाला लावायची चिकट लुगदी) जास्त लावला असेल तर बॉण्डच्या वळीनंही हे भोक अर्धं बंद होतं. अर्धं बंद भोक हे पूर्ण बंद भोकासारखंच फसवं असतं. हवा बारीक वाटेनं जोरात निघते, म्हणून तेल सोबत ओढते.

नळीच नसेल तर बसवा. नळी वरच्या दिशेनं उठून मग मागे खाली वळली पाहिजे, म्हणजे तिच्यात चढलेलं तेल परत आत ओघळतं. टाकी बसवताना ती चेपली तर जात नाही ना, तेही पाहा.

गाडी छोट्या हत्तीत आडवी टाकून आणली असेल तर त्यानंतर एक-दोन दिवस ब्रीदरमधून येणारं तेल हा बिघाड नाही. पुसा आणि पुन्हा पाहा.

हवा येते का, ते बाटलीत बघा

इथवर सगळं ठीक निघालं तर संशय दाबावर येतो. ब्रीदरच्या तोटीवर मापाची पारदर्शक नळी चढवा, हातभर लांब. तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बोटाच्या एका पेराइतकं बुडवा. गाडी न्यूट्रलमध्ये सुरू करा.

सुरुवातीला बुडबुडे येतील. ते यायलाच हवेत, आतली हवा तापतेय. चांगल्या इंजिनात ते हळूहळू विरळ होतात, आणि पाच-सात मिनिटांनी एकटदुकट उरतात. पण इंजिनाच्या ठोक्यासोबत बुडबुडे येत राहिले, रेस केल्यावर पाणी उकळल्यासारखं खदखदलं, तर चेंबरची हवा गिअरबॉक्समध्ये येतेय. पिस्टन खाली येताना चेंबरमध्ये बाहेरच्यापेक्षा साधारण पाव ते अर्धा बार जास्त दाब तयार होतो, आणि ६००० फेऱ्यांवर हे सेकंदाला १०० वेळा घडतं. केसाएवढी फट असली तरी दिवसभरात किती हवा आत ढकलली जात असेल ते लक्षात घ्या.

महत्त्वाचं: इंजिन बंद करण्याआधी नळी पाण्यातून बाहेर काढा. नाहीतर थंड होताना गिअरबॉक्स बाटलीतलं पाणी पिऊन टाकेल.

सोबत एवढंही पाहा. धूर पांढरा आणि दाट आहे का? प्लग वारंवार ओला होतो का? बाहेर टपकतंय त्याहून जास्त तेल आतून कमी होतंय का? तिन्हींचं उत्तर होय असेल तर क्लच साइडचा सील जवळजवळ नक्की. पिस्टन वर जाताना चेंबरमध्ये ओढ तयार होते, तेव्हा हाच सील गिअरबॉक्सचं तेल आत घेतो आणि ते जळतं. खाली येताना हवा बाहेर टाकतो. एकच फट, दोन्हीकडून नुकसान.

बीपीच्या यंत्रानं दाब धरून पाहणं

नक्की निदान हवं तर चेंबरमध्ये हवा भरून ती टिकते का ते पाहायचं. टू-स्ट्रोकवाल्यांचा ठरलेला आकडा आहे ६ पीएसआय, आणि तो ६ मिनिटं टिकावा. शहरात याची किट मिळतात. माझ्याकडे आईचं जुनं बीपीचं यंत्र आहे, काट्याचं. त्याची पट्टी फाटली होती, पण रबराचा फुगा आणि डायल चांगली होती. डायलवर शेवटचा आकडा ३०० असतो. पाऱ्याचे ३०० मिलिमीटर म्हणजे ५.८ पीएसआय, जवळजवळ तोच दाब! फुगा आणि डायल या दोन नळ्या एकत्र आणायला मी ठिबकच्या बारीक नळीचा टी वापरला. संत्र्याच्या किंवा कपाशीच्या शेतात ठिबक असेल तर तो घरातच सापडेल.

जुना प्लग घ्या, त्याची चिनी माती फोडून काढा, आत बारीक नळी बसवून एमसीलनं पक्की करा. ती एक रात्र वाळू द्या. सायलेन्सर काढून त्या तोंडावर ट्यूबचं रबर आणि वर जाड पत्रा लावून आवळा. कार्बोरेटर काढून त्याच्या रबरी बुटात बाभळीची गोल खुंटी घालून क्लॅम्प कसा. पिस्टन एकदम खाली आणा. प्लगच्या भोकातून शीतपेयाची स्ट्रॉ टाकून अंदाज घेतला तर तळ कळतो. पिस्टन खाली असताना सिलिंडर आणि चेंबर एकमेकांना मोकळे असतात, म्हणून प्लगमधून भरलेली हवा थेट चेंबरमध्ये जाते. ब्रीदरची नळी परत बाटलीत बुडवा.

आता हळूहळू फुगा दाबत काटा ३०० पर्यंत न्या आणि घड्याळ लावा. काटा जागेवर राहिला तर इंजिन घट्ट आहे. मिनिटाला पन्नासपेक्षा जास्त उतरत असेल तर गळती आहेच. साबणाचं पाणी आधी तुमच्याच जोडणीवर लावा, मग सिलिंडरचं बूड, हेड, मॅग्नेट साइडचा (क्रँकच्या दुसऱ्या टोकाचा) सील. तिकडे फेस नाही आणि बाटलीत मात्र बुडबुडे येतायत, म्हणजे हवा थेट गिअरबॉक्समध्ये जातेय. मग दोनच जागा उरतात: क्लच साइडचा सील, किंवा दोन केसांच्या जोडातली मधली भिंत.

काकाजींच्या गाडीचं प्रकरण

हे सगळं मी एका गाडीवर शिकलो, ती सविस्तर सांगतो. गावातल्याच एका काकाजींची आरएक्स. रोज सकाळी दुधाच्या दोन कॅन लावून तालुक्याला जातात. इंजिन तालुक्यात बांधून आणलं, पंधरा दिवसांत ब्रीदर गळायला लागला. तिथल्या मिस्त्रीनं ब्रीदरच्या तोटीत स्क्रू पिळून दिला. डाग बंद झाला. आठवड्यानं स्पॉकेटमागचा सील जागेवरून सरकला, तेल चेनवर, चेनवरून मागच्या टायरवर. दुधासकट गाडी वळणावर घसरली. काकाजींना फार लागलं नाही, पण ते माझ्याकडे आले तेव्हा चांगलेच वैतागलेले होते.

"भाऊ, दोनदा पैसे गेले माये. कंपनीनं हे भोक ठेवलंच कायले? तू आता चांगल्या तऱ्हेनं बुजून देनं."

"काकाजी, इथून बुजवलं त ते दुसरीकून फोडते. हवा आतमंधी येऊन कुठून राह्यली, ते पाहू द्या मले."

स्क्रू काढला, स्पॉकेटचा सील नवीन टाकला, बाटली लावली. पाणी खदखदत होतं. क्लच कव्हर उघडलं, प्रायमरी गिअर काढला, क्रँकचा सील बदलला. दोनशे किलोमीटरनं पुन्हा तेच. सील हलका निघाला असेल म्हणून दुसऱ्या कंपनीचा महागातला आणला. तोही तसाच.

तिसऱ्या वेळी मी आधी दाब धरला. कव्हर उघडं ठेवून सीलवर साबणाचं पाणी सोडलं. सीलच्या बाहेरच्या गोलावर काही नाही, पण आतल्या ओठाखालून, दांड्याला लागूनच, मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक निघत होते. सील काढला. दांडा रॉकेलनं पुसला, कोरडा केला आणि गाडी ढकलत उन्हात आणून तिरपी पाहिली. दांड्याच्या चकचकीत भागावर, सीलचा ओठ जिथं फिरतो नेमकं तिथं, दोऱ्याएवढी एक काळसर रेघ गोल फिरलेली होती. डोळ्यांना ती नुसता डाग वाटत होती. नख फिरवलं तर नख अडलं.

तीस वर्षांत जुन्या सीलचा ओठ कडक झाला होता, त्यात मातीचे कण रुतले होते, आणि त्यानं लोखंडात खाच पाडली होती. नवीन सील कितीही चांगला आणला तरी त्याचा ओठ त्याच खाचेवर येऊन बसायचा आणि हवा खालून निघून जायची. मी दोन सील बदलले, पण सील ज्यावर बसतो तो भाग एकदाही नखानं पाहिला नव्हता. काकाजींचे तेवढे पैसे मी परत केले.

उपाय साधा निघाला. केसमध्ये सीलमागे जागा होती, म्हणून सील तळापर्यंत न ठोकता दीड मिलिमीटर अलीकडे बसवला. ओठ आता खाचेबाहेर, गुळगुळीत भागावर आला. खाचेच्या कडा तेल लावलेल्या १००० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलक्या हातानं मारल्या. असं करताना केसमधलं बेअरिंगला तेल नेणारं भोक सीलखाली झाकलं जात नाही ना, ते नक्की पाहा. जागा नसेल तर लेथवाल्याकडून त्या भागावर पातळ बाही चढवून घ्यावी लागते. काही इंजिनांत सील दांड्यावर न फिरता वेगळ्या कॉलरवर फिरतो. तिथं कॉलर बदलली की झालं, पण कॉलरच्या आत ओ-रिंग असेल तर तीही नवीन टाका. ती विसरली तर हवा सील सोडून कॉलरच्या आतून निघते, आणि सील नवा असूनही बाटलीत बुडबुडे येत राहतात.

सील बसवताना

सील ज्या बाजूनं दाब अडवणार, त्याच्या ओठाची स्प्रिंगची उघडी बाजू तिकडे असते. जुना काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे उलटसुलट होत नाही. सीलच्या बाहेरच्या गोलाला उंच कणा असेल आणि तो केसच्या खाचेत बसत असेल, तर केस फोडल्याशिवाय तो निघत नाही, ओढाताण करू नका. क्रँकच्या टोकाचे दाते आणि चावीची खाच ओठाला चिरतात. दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक दांड्यावर गुंडाळा, त्यावर ग्रीस लावा, वरून सील सरकवा आणि मग प्लास्टिक ओढून घ्या. सील ठोकायला त्याच्या बाहेरच्या कडेएवढा पाइपचा तुकडा घ्या. पेचकसानं एकेका बाजूनं ठोकलेला सील तिरपा बसतो आणि पहिल्या दिवसापासून गळतो.

जोडातली भिंत

सीलजवळ फेस नाही, तरी बाटलीत बुडबुडे आहेत, तर केस उघडावीच लागेल. इथं बहुतेक वेळा पेचकसाची खूण सापडते. केस सहज सुटत नाही म्हणून दोन भागांत पेचकस घालून उचकटली जाते आणि ॲल्युमिनियमवर ओरखडा पडतो. तो ओरखडा चेंबर आणि गिअरबॉक्सच्या मधल्या भिंतीवरून आडवा गेला असेल, तर हवेसाठी ती पाटाच्या पाण्यासारखी वाट आहे. जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून केसचं तोंड अगदी थोडं घासून पाहा. जिथं चमक येत नाही तिथं खड्डा. उथळ ओरखडा बॉण्डनं भरतो. खोल असेल तर ॲल्युमिनियम वेल्डिंग करून तोंड मारून घ्यावं लागतं, आणि तेही दोन्ही भाग जोडीनं नेऊन.

बॉण्ड लावताना पातळ लावा. दोन्ही तोंडं थिनरनं पुसून तेलाचा अंश घालवा. बोल्ट मधून बाहेर, आलटून पालटून, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. रात्रभर वाळू द्या. ग्राहक दारात उभा असला तरी.

स्प्लेंडरसारख्या चार-स्ट्रोक गाड्यांत इंजिन आणि गिअरला एकच तेल असतं आणि ब्रीदरची नळी एअर फिल्टरच्या डब्यात जाते. तिथं बांधणीनंतर तेल आलं तर पातळी पाहा, मग रिंगांकडे वळा. रिंगांची तोंडं एका रेषेत आली असतील, किंवा रिबोर नीट झाला नसेल, तर स्फोटाची हवा पिस्टनच्या बाजूनं खाली उतरते आणि नळीतून तेल बाहेर ढकलते. हजार किलोमीटरपर्यंत थोडं येणं समजण्यासारखं आहे, त्यानंतर नाही.

काकाजींची गाडी बांधून दिल्यावर मी ब्रीदरला सलाइनची नवी नळी लावली, टाकीखालून वर नेऊन मागे सोडली, आणि तिच्या टोकाला कापसाचा छोटा बोळा ठेवला. घट्ट नाही, हवा जाईल इतका सैल. काकाजींना सांगितलं, शंभर किलोमीटर झाले की बोळा दाखवा. ते तिसऱ्या दिवशी दूध टाकून परत येताना थांबले आणि खिशातून कागदात गुंडाळलेला बोळा काढला. एका कडेला पिवळसर झाक होती, बाकी पांढरा.